उंट्या, मी आणि मारवाडचे पाणी

गोरेगाव म्हटले की मुंबईकर वाचकांच्या डोळ्यांपुढे लोकलगाडीचे स्टेशन आणि चित्रनगरी उभी राहते. ते गोरेगाव वेगळे. आमचे गोरेगाव हिंगोली जिल्ह्यातले, सेनगाव तालुक्यातले. पूर्वी आम्ही परभणी जिल्ह्यात मोडत होतो. १ मे १९९९ रोजी हिंगोली वेगळा जिल्हा झाला आणि आमच्या पत्त्यातली एक ओळ बदलली, एवढेच. काळी जमीन, सोयाबीन, तूर, कापूस आणि ज्याच्या विहिरीला पाणी असेल त्याच्या शेतात हळद, असा आमचा संसार. अशा गावातला एक निवृत्त शिक्षक मालवाहू टेम्पोत बिऱ्हाड मांडून, सोबतीला एक म्हातारा कुत्रा घेऊन, मारवाडच्या वाळवंटात एकटाच हिंडून आला, हे ऐकून वाचकांना हसू येईल. आमच्या गावालाही आले होते.

"गुरुजी, याड लागलं का तुम्हाला? काशीला जावं, रामेश्वरला जावं. वाळूत काय ठेवलंय?" असे पारावर मला विचारले गेले. मी म्हणालो, "पाणी बघायला चाललोय." त्यावर पार आणखी हसला.

परंतु ते उत्तर खरे होते. ते समजण्यासाठी आधी उंट्याची, म्हणजे माझ्या कुत्र्याची, हकीकत सांगायला हवी. त्यात माझा मोठेपणा कोठेच नाही.

२०१६चा उन्हाळा होता. त्या एप्रिलात मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी न्यावे लागले, हे वाचकांच्या स्मरणात असेल. आमच्याकडे आगगाडीची पाळी आली नव्हती, पण विहिरींचे तळ दिसू लागले होते. माझे शेत सडकेला लागून आहे. त्यातला बोअर दिवसातून कसाबसा तासभर चाले आणि त्या तासावर माझी थोडीशी हळद जीव धरून होती. एके दुपारी सडकेवर उंट दिसले. वाशिम-यवतमाळकडे कच्छचे रबारी मेंढरांचे कळप घेऊन फिरतात. त्यांतलाच हा एक तांडा वाट वाकडी करून आमच्या बाजूला आला होता. उंटाच्या पाठीवर खाट बांधलेली, खाटेत पोरे, करडे आणि कुत्र्याची पिल्ले. त्यांच्यातला एक पांढऱ्या पागोट्याचा म्हातारा घागर घेऊन माझ्याजवळ आला.

मी म्हटले, "पाणी नाही. पुढं जा."

बोअर त्या वेळी चालूच होता. पाइपातून पडणाऱ्या पाण्याचा आवाज मलाही ऐकू येत होता आणि त्यालाही. म्हातारा वाद घालीत बसला नाही. त्याने एकवार पाइपाकडे पाहिले, मला हात जोडले आणि तो रिकामी घागर घेऊन परत गेला.

तांडा संध्याकाळी हलला. बाभळीखाली एक पिल्लू राहून गेले होते. विसरले, की मरणार म्हणून सोडले, देव जाणे. आमच्या सौभाग्यवतींनी ते पदरात गुंडाळून घरी आणले आणि माझ्यापुढे ठेवून म्हणाल्या, "अहो, ह्याला तरी पाणी पाजता ना?"

त्यानंतर त्या विषयावर त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. पण उंटवाल्यांचा म्हणून गावाने ज्याचे नाव उंट्या ठेवले, तो कुत्रा पुढची आठ वर्षे रोज माझ्यासमोर पाणी पीत होता. माणसाला टोचणी लावायला एवढे पुरे असते.

दुसरे कारण आमच्याच मातीतले. कयाधू नदीच्या काठचे आमच्या जिल्ह्यातले नर्सी हे संत नामदेवांचे जन्मगाव मानले जाते. तीर्थयात्रेला निघालेले ज्ञानदेव आणि नामदेव मारवाडच्या वाळवंटात तहानेने व्याकूळ झाले, ही कथा आम्ही लहानपणी कीर्तनात ऐकली. विहीर सापडली, पण पाणी फार खोल. ज्ञानदेव योगबळाने सूक्ष्म रूप घेऊन खाली उतरले आणि पाणी पिऊन आले. नामदेवांना योग येत नव्हता. त्यांनी विठ्ठलाचा धावा केला, आणि विहीर काठोकाठ भरून वाहू लागली. ही जागा बिकानेरजवळच्या कोलायतची, असे संप्रदायात सांगतात. नामदेवांची दुसरी कथा तर पोराटोरांनाही ठाऊक: कुत्र्याने भाकरी पळवली तेव्हा "देवा, कोरडी खाऊ नका" म्हणत ते तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले. नोकरीत असताना ही गोष्ट मी वर्गात कितीदा सांगितली असेल याची गणती नाही. सांगणे सोपे असते.

असो. २०२४च्या डिसेंबरात मी निघालो. पुतण्याचा जुना 'छोटा हत्ती', ज्यातून तो हिंगोलीच्या बाजारात हळद नेई, तो मी विकत घेतला. हौद्यावर पत्र्याचे छप्पर चढवले, एका बाजूला कडुनिंबाच्या फळ्यांची निजण्यापुरती बाज ठोकली, तिच्याखाली पीठ, डाळ, तिखट, गॅसची लहान शेगडी आणि पाण्याचे तीन जार ठेवले. प्रत्येक जार वीस लिटरचा. कितीही धुतला तरी टेम्पोचा हळदीचा वास गेला नाही, आणि पुढे वाळवंटात त्या वासानेच मला घरची सोबत केली. निघताना सौभाग्यवतींनी तुपाचा डबा हातात दिला. "तुमच्यासाठी नाही," असे त्यांनी बजावले. "उंट्याच्या भाकरीला लावा."

मीटरगेज होती तेव्हा हिंगोलीच्या रुळांवरून आगगाडी अकोला, खांडवा, रतलाम, अजमेर करीत पार जयपूरपर्यंत जाई. मी जवळजवळ तीच वाट सडकेने धरली. वाशिम, अकोला, बऱ्हाणपूर, खांडवा. मोरटक्क्याला नर्मदा ओलांडली. मग इंदूर, रतलाम, चित्तोड. ताशी चाळीसाच्या वर मी टेम्पो नेला नाही. उंट्या माझ्या शेजारच्या आसनावर बसे आणि प्रत्येक टोलनाक्यावरच्या माणसाकडे एखाद्या तपासनिसाच्या गांभीर्याने पाही. रात्री पेट्रोलपंपाच्या आवारात मुक्काम. "एकटेच?" असे जो तो विचारी. मी कुत्र्याकडे बोट दाखवी. एकट्या म्हाताऱ्याशी लोक बेताने बोलतात; पण कुत्रा बरोबर असला की आधी कुत्र्याची चौकशी होते आणि मग ओघाने माणसाची. प्रवासात एवढी स्वस्त ओळखपत्रिका दुसरी नाही.

पालीनंतर जमिनीचा रंग उतरू लागला. जोधपूरच्या अलीकडे मी खेजडली गावी थांबलो. मारवाडात खेजडी म्हणतात ती आपली शमी. दसऱ्याला आपण तिची पूजा करतो आणि वर्षभर विसरतो. १७३० साली राजवाड्याच्या चुनाभट्टीसाठी ही झाडे तोडायला माणसे आली, तेव्हा अमृतादेवी नावाच्या बिश्नोई बाईने झाडाला मिठी मारली आणि तिच्यामागून एकूण ३६३ माणसांनी प्राण दिले. तेथल्या सावलीत बसून मी भाकरी खाल्ली. आमच्या बांधावरची शमी मी कधी तोडली, ते काही केल्या आठवेना.

फलोदीजवळच्या खीचनला आणखी एक नवल पाहिले. तेथे हिवाळ्यात हजारो कुरजां, म्हणजे क्रौंच पक्षी, मध्य आशियाकडून हिमालय ओलांडून येतात आणि गावकरी त्यांच्यासाठी रोज धान्य टाकतात. पहाटे थव्यामागून थवे उतरू लागले. उंट्या थरथरत माझ्या पायाशी बसून राहिला; भुंकलाही नाही. जेथे माणसालाच पिकाची शाश्वती नाही, तेथे परदेशी पाखरांना पोत्यांनी ज्वारी घालणारे हे कोण लोक, असे मनात आले. पण मी अजून पाहुण्यासारखा पाहत होतो. वाळवंटाने मला अजून हात लावला नव्हता.

तो लावला फलोदी आणि कोलायत यांच्या दरम्यान. दिवस मावळायला आला होता. मोठी सडक सोडून शांत जागी मुक्काम करावा म्हणून मी एका कच्च्या वाटेने दीडदोन कोस आत गेलो. जागा सुंदर होती. मारवाडात सगळीकडे वाळूच्या टेकड्या असतात असे नव्हे. पुष्कळसा भाग खुरट्या झुडपांचा आणि सपाटच. पण रात्री जे आकाश दिसले, तसे मी दुष्काळातल्या निरभ्र उन्हाळ्यातही आमच्या गावी पाहिले नव्हते. थंडी मात्र अशी, की दोन घोंगड्या आणि पायाशी कुत्रा असूनही दात वाजत होते.

सकाळी टेम्पो वळवू गेलो तो मागची चाके वाळूत रुतली. जो जो गाडी रेटावी, तो तो चाके खोल जात. उतरून मागे पाहतो तो दुसरे संकट. दोन जार मी आदल्या दिवसापर्यंत संपवले होते, पुढच्या गावी भरू म्हणून. तिसरा रात्रीच्या हेलकाव्यांत आडवा झाला होता आणि त्याचे झाकण सैल राहिले होते. तळाशी जेमतेम दोन पेले पाणी. मोबाइलला रेंज नाही. दूरवर, मैलभर असेल, एक खेजडी आणि तिच्याजवळ धुराची रेघ.

आम्ही चालू लागलो. शंभर पावलांत उंट्या लंगडू लागला आणि आणखी पन्नास पावलांनी खालीच बसला. भुरट नावाचे गवत तेथे असते. त्याच्या काटेरी बोंडांची कुसळे कपड्यांत, केसांत, पायांच्या गादीत शिरतात आणि बोटांनी निघत नाहीत. चारही पंजे त्यांनी भरले होते. मी त्याला उचलून खांद्यावर घेतला. पंचवीस किलोंचा जीव आणि सहासष्ट वर्षांचा मी. ऊन हिवाळ्याचे होते म्हणून निभावले. वैशाख असता तर ही हकीकत लिहायला मी उरलो नसतो.

धुराजवळ एक झोपा होता, म्हणजे बाजरीच्या चिपाडांनी शाकारलेले गोल घर. अंगणापलीकडे जमीन तासून, लिंपून, मध्याकडे उतरती केलेली, आणि मध्यभागी बुटक्या घुमटासारखे एक बांधकाम. त्याला लहानसे लोखंडी दार आणि दाराला कुलूप. हाच टांका. पाणी तेथेच आहे हे मला कळले, आणि उंट्यालाही कळले असावे. खांद्यावरून उडी टाकून तो लंगडत त्या लिंपलेल्या जमिनीकडे धावला.

झोप्यातून एक म्हातारी ओरडत बाहेर आली. हातात काठी. भाषा कळली नाही तरी अर्थ कळायला अडचण नव्हती. हाड! पुढे जा!

खरे सांगतो वाचकहो, मला राग आला नाही. मला आठ वर्षांपूर्वीचा माझाच आवाज ऐकू आला. मी हात जोडले, अगदी त्या पागोटेवाल्या म्हाताऱ्याने जोडले होते तसे, आणि उंट्याला हाक मारून मागे वळलो.

"अरे, चाललास कुठे?" अशा अर्थाचे ती काहीतरी बोलली. पाहतो तो बाईने कमरेची किल्ली काढली होती. अनवाणी पायांनी ती टांक्यापर्यंत गेली, कुलूप काढले, दोरीने बालदी सोडली आणि वर ओढली. मग एक ॲल्युमिनियमची परात त्या लिंपलेल्या जागेच्या बाहेर, चांगली दहा हात दूर ठेवून तिने तीत पाणी ओतले. पहिले पाणी कुत्र्याला. त्यानंतर मला लोटाभर, वरून ओंजळीत.

ती का ओरडली ते मागाहून उलगडले. त्या लिंपलेल्या जमिनीला आगोर म्हणतात. पावसाचे पाणी तिच्यावरून घरंगळत टांक्यात जाते, म्हणून आगोरावर जोडा चालत नाही, जनावर चालत नाही. तिने हाकलले होते ते आगोरावरून, पाण्यापासून नव्हे. हा भेद मला सहासष्टाव्या वर्षी समजला.

तिचा मुलगा शेळ्या घेऊन आला. त्याच्या गळ्यातल्या दोऱ्याला एक लहान चिमटा अडकवलेला होता. भुरटाच्या मुलखात असा चिमटा जवळ बाळगण्याची चाल जुनी आहे. त्याने उंट्याचे डोके मांडीखाली धरले आणि तासभर एकेक कुसळ काढले. मग आम्ही टेम्पोकडे गेलो. त्याने चाकांमधली हवा निम्मी सोडली, खिंपाची झुडपे उपटून चाकांखाली अंथरली आणि मला म्हणाला, "आता हळू." टेम्पो म्हशीसारखा उठून बाहेर आला.

दुपारी बाजरीची रोटी आणि सांगरीची, म्हणजे खेजडीच्या शेंगांची, भाजी खाताना गप्पा निघाल्या. मोडक्या हिंदीने दोन्ही बाजूंचे काम भागत होते. मी टांक्याचा हिशेब विचारला. शिक्षकाची खोड! एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. तिकडे पाऊस वर्षाकाठी दोनशे मिलिमीटरच्या आसपास. आगोर तीनशे चौरस मीटरांचे धरले तर साठ हजार लिटर. अर्धे मातीने प्यायले, उन्हाने नेले, तरी तीस हजार उरतात. चारपाच दिवसांचा पाऊस, आणि त्यावर माणसांचे पिण्याचे वर्ष निघते. म्हणूनच त्या मुलखात म्हणतात, तूप सांडले तर चालेल, पाणी सांडले तर जीव जळतो.

मुलाने विचारले, "तुमच्याकडे किती पडतो?"

"आठशेच्या वर," मी म्हणालो. "कधी नऊशेही."

तो मला चेष्टेत घेतो आहे की काय अशा नजरेने पाहू लागला. मग त्याने आईला ते मारवाडीत सांगितले. म्हातारी चुलीपुढून वळली आणि तिने जे विचारले, त्याचे मुलाने हिंदी करून दिले. तिने अगदी साधेपणाने विचारले होते, "मग एवढ्या पाण्याचे तुम्ही करता तरी काय?"

मी उत्तर जुळवू लागलो. आमच्या काळ्या मातीखाली कातळ आहे, पाणी फक्त त्याच्या भेगांत राहते. पाऊस धो धो येतो आणि कयाधू-पैनगंगेतून वाहून जातो. बोअर तीनतीनशे फूट खाली गेले आहेत. हे सगळे खरे आहे. शाळेत मी ते भूगोल म्हणून शिकवले आहे. पण त्या चुलीपुढे ते बोलता बोलता माझ्या मनात दुसरा हिशेब चालला होता. माझ्या घराचे पत्रे पन्नास चौरस मीटर. गुणिले आठशे. चाळीस हजार लिटर. दर पावसाळ्यात एवढे पाणी माझ्या पन्हाळीतून उकिरड्यावर पडत आले, आणि मी एका माणसाला एक घागर नाही म्हटले.

मी त्या दोघांना २०१६ची ती गोष्ट सांगितली. का सांगितली कोण जाणे. मुलगा काही बोलला नाही. म्हातारीने "होते असे" म्हटले नाही, की मला क्षमाही केली नाही. ती तिची नव्हतीच करायची. तिने फक्त उंट्याची परात पुन्हा भरली. निघताना मी पैसे पुढे केले तेव्हा मात्र ती सकाळच्याच आवाजात ओरडली. शेवटी मी तुपाच्या डब्यातले अर्धे तूप तिच्या वाटीत काढून दिले. ते कुत्र्याच्या वाट्याचे आहे हे सांगितले, तेव्हा ती पहिल्यांदा हसली.

तिसऱ्या दिवशी कोलायतला पोचलो. कपिलमुनींचे स्थान, तळे, घाट, काठाला वडपिंपळ. कार्तिकी पौर्णिमेची जत्रा होऊन गेल्यामुळे गर्दी नव्हती. नामदेवांची विहीर नेमकी कोणती, असे मी कोणाला विचारत बसलो नाही. घाटावर बसून मनात तीच कथा घोळवली. लहानपणी मला विहीर वर आली याचे नवल वाटे. आता वाटते की भेद विहिरीच्या काठावर आहे. ज्ञानदेवांनी आपल्यापुरते पाणी मिळवले, नामदेवांच्या हाकेने आले ते वाहिले. वाहिले म्हणजे मागून येणाऱ्या वाटसरूला मिळाले, त्याच्या उंटाला मिळाले, कुत्र्यालाही मिळाले.

परतण्यापूर्वी पश्चिमेकडे जाऊन इंदिरा गांधी कालवाही पाहिला. १९५८ साली काम सुरू झाले. पंजाबातल्या हरिकेहून सतलज-बियासचे पाणी ६४९ किलोमीटर वाहत वाळवंटात येते. नामदेवांचे उत्तरायुष्य पंजाबातल्या घुमान येथे गेले. त्यांची ६१ पदे गुरू ग्रंथसाहिबात आहेत, आणि २०१५चे मराठी साहित्य संमेलन त्याच घुमानला भरले होते. ज्या मुलखात नर्सीचा हा माणूस तहानेने व्याकूळ झाला, तेथे आज त्याच्या पंजाबचे पाणी येते. काठावर उभा राहून मी उंट्याला हे समजावून सांगितले. त्याने कालव्याचे पाणी पोटभर प्याले आणि अंग झटकून मला भिजवले.

घरी आलो तेव्हा माघ लागला होता. त्याच वर्षी पत्र्यांना पन्हाळ लावून अंगणात टाकी बांधून घेतली. आणि शेताच्या सडकेकडच्या कडेला, जेथे तो म्हातारा घागर घेऊन उभा होता तेथे, दगडी हाळ बसवला. पूर्वी प्रत्येक विहिरीजवळ जनावरांसाठी असा हाळ असे; बोअर आले आणि हाळ गेले. त्यात रोज पाणी सोडण्याचे काम मी दुसऱ्याला देत नाही. रानातल्या शेळ्या येतात, वाटेने जाणारे बैल येतात, कावळे तर येतातच. पारावरचे लोक विचारतात, "गुरुजी, वाळूत काय पाहिलं?" मी हाळाकडे बोट दाखवतो.

उंट्या आता फारसा चालत नाही. दिवसभर हाळाच्या सावलीला पडून सडकेकडे पाहत असतो. उंट अजून आलेले नाहीत.